मढवलेले दोन रुपये

हे लिहायला मला एका बाईनं सांगितलं. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. "बोललेलं माणसाबरोबर जातंय. लिवून द्या," एवढंच ती म्हणाली. कुणाचं नाव घालू नका, असंही म्हणाली. ज्यांना कळायला पाहिजे त्यांना नावाशिवाय कळेल. म्हणून इथे नावं नाहीत, माझंही नाही. त्या घरात मला सगळे मिस्त्री म्हणत, तेवढं पुरे.

त्या बाईचा नवरा गेल्या वर्षी वारला. शेवटची चार वर्षं गावानं त्याला चोर मानलं. तो चोर नव्हता. हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिता लिहिता हात आखडला, तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

शाहूपुरीच्या एका बोळात आमचं मुलाम्याचं दुकान आहे. वडिलांनी ते काढलं, मी चाळीस-बेचाळीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. सायकलींचे हँडल, मोटारींचे भाग, लग्नातली ताटं-तांब्ये आणि गावोगावच्या देवांची प्रभावळ, मुखवटे, चवऱ्यांच्या मुठी, असं सगळं आमच्याकडे येतं. आम्ही मुसलमान, पण आजूबाजूच्या तालुक्यांतले निम्मे देव आमच्या मुलाम्याच्या हौदातून न्हाऊन गेले असतील. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही, आम्हालाही नाही. देव आणला की वडील आधी हात धुवायचे, टोपी नीट करायचे आणि मग कापड सोडायचे. मीही तेच केलं.

त्याच बोळाच्या तोंडाशी पूर्वी गुळाच्या गाड्या थांबायच्या. मुरगूडजवळच्या एका गावातले शेतकरी आपला गूळ घेऊन यायचे आणि सौदा होईपर्यंत आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे. त्यातल्या एकाशी वडिलांचं सख्ख्या भावासारखं जमलं. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकी. त्यांना दोन मुलगे. थोरला माझ्याच वयाचा, धाकटा आमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सुट्टीत मी त्यांच्या गुऱ्हाळावर जायचो. रस आटवायच्या काहिलीजवळ उभं राहून डोळे चुरचुरेपर्यंत रस प्यायचो. थोरला मला चिडवायचा, "मिस्त्री, जास्त पिऊ नको लेका, घरला जाईस्तवर विजार भिजंल."

त्या घरात एक रुपया होता. काकांच्या वडिलांनी शाहूपुरीत पहिल्यांदा गूळ आणून विकला तेव्हा हातात आलेल्या पैशांतला तो एक. चांदीचा, राजाछाप. त्यांनी तो मोडला नाही, देव्हाऱ्यात ठेवला. पुढे त्याचा एक रिवाज पडला. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या आदणाचा, म्हणजे पहिल्या काहिलीतला गूळ निवत आला, की त्याच्या तळहाताएवढ्या वड्या थापायच्या आणि प्रत्येक वडीवर तो रुपया दाबायचा. वडीवर राजाचं तोंड उमटायचं. एक वडी देवाला, एक ग्रामदेवीला, एक गुळव्याला आणि बाकीच्या सोयऱ्या-धायऱ्यांना. आमच्या घरी एक ठरलेली. माझी आई ती वडी लगेच फोडायची नाही. चार दिवस फडताळात ठेवायची. आम्ही भावंडं राजाचं नाक आधी कुणी चाटायचं यावरून भांडायचो.

रुपया दाबायचा मान काकांचा. पुढे त्यांचे हात कापायला लागले तेव्हा ते धाकट्याच्या हातावर आपला हात ठेवून दाबायचे. थोरला तेव्हा काहिलीपाशी असायचा, कारण आच त्याला कळायची. एवढीशी गोष्ट, पण पुढचं सगळं तिथून निघालं.

काका वारले आणि वर्षभरात वाटणी निघाली. रान वाटलं, जनावरं वाटली, घरात मधे भिंत घातली. आमच्या भागात देव थोरल्याकडे जातात, धाकटा आपले नवे करून घेतो. हे धाकट्याला मान्य होतं. पण तो म्हणाला, "देव तू घे. रुपया मला. आबांनी माझा हात धरून दाबलाय त्यो." थोरला म्हणाला, "रुपया देवातला हाय. देव सोडून रुपया कसा जाईल?" रान वाटताना जे भांडले नव्हते ते यावर भांडले. दोन घरांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण काकी दोन्हीकडे जेवत होती. त्या भांडणात तिनं जेवणच सोडलं.

तिसऱ्या दिवशी ती एकटी एसटीनं कोल्हापूरला आली. दुपारची वेळ होती. दुकानात मी एकटाच होतो. तिनं कनवटीची गाठ सोडली आणि रुपया माझ्यापुढे ठेवला.

"ह्येच्यासारखा दुसरा कर."

मी म्हणालो, "काकी, असा दुसरा कुठनं आणू?"

"मला काय म्हाईत? तू मुलामा करतोस न्हवं? पितळेचं सोनं करतोस. मग एका रुपयाचं दोन करता येत न्हाय व्हय तुला?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती तशीच उभी राहिली. तिच्या पायांना बसची धूळ होती आणि तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

माझ्याकडे एक जुना डबा होता. वडिलांच्या वेळेपासून त्यात सुटी नाणी, तुटकी बटणं, पदकं असं काहीबाही पडलेलं असायचं. त्यात एक निकेलचा रुपया होता. इंग्रज जाताना निघालेला, त्याच्यावरही तोच राजा. वजन हातावर तेवढंच. फक्त चांदीच्या रुपयापेक्षा तो थोडा लहान होता आणि पाठीवरचं चित्र वेगळं होतं, वाघाचं. मी तो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. काकीनं वाकून बघितलं. "त्योच हाय की," ती म्हणाली. तोंड तेवढं तिला दिसत होतं.

मी तिला सांगितलं की दोन्ही सारखे दिसायचे असतील तर दोन्ही मढवावे लागतील. म्हणजे पाठीला चांदीचा पातळ पत्रा लावायचा, म्हणजे वाघ झाकला जाईल. भोवती तारेचं कडं घालायचं, म्हणजे लहानमोठेपणा झाकला जाईल. निकेलवर चांदी चांगली बसते. आमच्या धंद्यात बहुतेक वस्तूंना आधी निकेलचा हात देतात आणि मग चांदीचा. इथे निकेल आयतंच होतं. पत्रा लावल्यावर नाणं फरशीवर टाकून वाजवलं तरी आवाज बसका येतो, त्यामुळे तीही परीक्षा उरत नाही. हे सगळं मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. कारागिराला अवघड काम मिळालं की त्याचं डोकं त्यातच रमतं. आपण काय करतोय हे त्याला तेव्हा दिसत नाही.

निकेलचा रुपया घासला, धुतला, हौदात सोडला. मग पत्रा आणि कडं जोडायला दोन्हीला डाख द्यायला घेतला. जुना रुपया आचेखाली धरला तसा तो काळा पडला. काकीनं तोंडावर पदर घेतला. "जळला का रं?" मी म्हणालो, "नाही काकी, उजळतो परत." उजळला. संध्याकाळची एसटी सुटायच्या आधी दोन्ही रुपये लाल कापडावर शेजारी शेजारी पडले होते. कडं घातलेले, पाठीवर पत्रा. काकीला कळेना कोणता कोणता. मला कळत होतं, कारण खऱ्याच्या पाठीवर मी खिळ्यानं दोन बारीक टिंबं उठवली होती.

मी सांगायला लागलो तसा तिनं माझा हात धरला.

"मला सांगू नगो. मला कळलं तर देताना माझा हात वळंल."

मग ती म्हणाली, "आन घे. माझ्या दोन पोरांपैकी कुणी बी इचारलं तरी सांगायचं न्हाय. मी मेल्यावर बी न्हाय."

मी आण घेतली. आमच्या दर्ग्याची घेतली, कारण तीही त्याला नवस बोलायची.

घरी जाऊन तिनं मुलांना सांगितलं, रुपया झिजत होता म्हणून मढवला आणि मिस्त्रीकडून त्याचा एक जोड करून आणला. एकेक घ्या, आणि खरा कोणता हे विचारू नका. दोघांनी घेतले. दोघंही गप्प झाले. मला वाटलं आईचा मान राखला. त्यातलं खरं मला फार नंतर कळलं.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. दोन्ही घरांची गुऱ्हाळं वेगळी लागत, पण आमच्या घरी आता दोन वड्या येऊ लागल्या. वडीवर राजाच्या तोंडाभोवती तारेच्या कड्याची एक गोल रेघ उमटायची, पूर्वी नसलेली. माझ्या बायकोला ती आवडायची. "राजाला चौकट केली तुम्ही," म्हणायची. दोन वड्या ताटात शेजारी ठेवल्या की कोणती कुणाकडची हे मलाही सांगता यायचं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. काकी गेली तेव्हा तिच्या मातीला दोघं भाऊ एकमेकांना धरून रडले. मी मनात म्हणालो, एवढ्याशा खोट्यानं एवढं राहिलं, तर खुदा माफ करेल.

मग धाकट्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. बांधकाम चार महिने चाललं. तेवढे दिवस त्याचा देव्हारा, रुपयासकट, थोरल्याकडे होता. घरभरणीला थोरल्यानं स्वतः डोक्यावरून देव आणून दिले.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं, म्हणजे आजपासून पाचेक वर्षांपूर्वी, धाकट्याची बायको सणासाठी देव घासायला बसली होती. शेजारी तिचा मोबाइल पडला होता. त्याला ते पाकिटासारखं उघडझाप होणारं कव्हर होतं, त्याच्या पट्टीत लोहचुंबक असतं. रुपया पुसून तिनं बाजूला ठेवला तो कव्हरवर. मोबाइल उचलला तर रुपया त्याच्याबरोबर वर आला. चिकटून.

चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. निकेल चिकटतं. हौदातल्या निकेलबरोबर जन्म काढलेला मी, आणि ही एक गोष्ट मला त्या दुपारी सुचली नव्हती. रंग, वजन, माप, आवाज, सगळं झाकलं आणि ते विसरलो. त्या काळी लोहचुंबक कुणाच्या घरात असायचं? आता प्रत्येकाच्या खिशात असतं.

धाकटा दुसऱ्याच दिवशी सराफाकडे गेला. सराफानं कडेला कानस लावून सांगितलं, वरचं पाणी चांदीचं, आत चांदी नाही. धाकटा तिथून थेट थोरल्याच्या दारात गेला आणि गल्लीनं ऐकावं अशा आवाजात म्हणाला, "चार म्हैने देव तुझ्या घरात हुतं. रुपया बदललास तू."

चार दिवसांनी ते सगळे माझ्या दुकानात आले. दोघं भाऊ आणि गावातले दोन जाणते. सकाळचे अकरा वाजले असतील. दुकानात गडहिंग्लजकडच्या एका गावची पाच-सहा माणसं बसली होती. त्यांनी देवीचा मुखवटा उजळायला आणला होता. मुलगा तो मुखवटा हातात घेऊन त्यांना दर सांगत होता.

थोरला आत येता येता म्हणाला, "मिस्त्री, बस बस, उठू नको. एकच इचारतो आनी जातो. आईनं तुझ्याकडनं जोड करून घेतलाता का न्हाय?"

मी म्हणालो, "काय झालं?"

धाकट्यानं रुपया माझ्यापुढे टेबलावर आपटला. "ह्यो बग. मला आई म्हणालीती, खरा तुला देतोय, थोरल्याला जोड दिलाय, त्येला सांगू नगोस. आनी आता ह्यो निकेलचा निघतोय."

थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. मग हळू म्हणाला, "मला बी आई तसंच म्हणालीती."

"खोटं बोलतोस."

"आबाची शपथ. खरा माझा, जोड तुझा, तुला सांगू नगो म्हणालीती. म्हणून तर मी एवढी वरसं गप हुतो. तुजा पयल्यापासनंच जोड हाय रं."

"म्हंजी आई माझ्याशी खोटं बोलली? मेलेल्या आईवर घालतोस व्हय?"

तेव्हा मला कळलं काकीनं काय केलं होतं. दोघांनाही वेगवेगळं बाजूला घेऊन तिनं खरा तुलाच दिला असं सांगितलं होतं. खरा कुणाकडे गेला हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. दोघं मुलगे इतकी वर्षं एकमेकांची कीव करत, एकमेकांना सांभाळून घेत राहिले होते.

जाणत्यांपैकी एक म्हणाला, "मिस्त्री, तुमीच केलं न्हवं दोन्ही? मग सांगा की. खरा कुणाला गेलता?"

टेबलावरचा रुपया मी उलटा केला. पाठीवर टिंबं नव्हती. म्हणजे थोरल्याकडे खरा होता, पहिल्यापासून. तीन शब्दांत सांगता आलं असतं.

इथे मला नीट लिहिलं पाहिजे. मी आण घेतली होती हे खरं. काकीला तिच्या मुलांसमोर खोटी पाडायला जीभ रेटेना हेही खरं. पण मी गप्प राहिलो त्याचं कारण तेवढंच नव्हतं. मुखवटा घेऊन आलेली माणसं कान देऊन ऐकत होती. मुलाच्या हातात त्यांची देवी होती. देव्हाऱ्यातला रुपया निकेलचा करून वर चांदीचं पाणी देणारा मुसलमान, ही गोष्ट त्या पाच-सहा माणसांबरोबर संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाईल, आणि हल्ली अशी गोष्ट कुठे कुठे जाते, हे मला दिसत होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता. तोही घाबरला होता. मी घाबरलो. एवढंच.

मी म्हणालो, "फार वर्षं झाली. मला आठवत नाही."

घासून उजळायच्या बफाची मोटर चालू होती, मुलानं ती बंद केली. थोरला माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला माझं खोटं कळलं. साठ वर्षांची ओळख, कसं कळणार नाही? पण तो चारचौघांत ओरडला नाही. त्यानं रुपया उचलून धाकट्याच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "बरं. आठवत न्हाय तर न्हाय. च्या तरी पाज की आता. पावणं आलोय न्हवं तुझ्याकडं?"

माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा तो पावणा म्हणून आला. चहा मागवला. त्यानं घेतला. धाकट्यानं घेतला नाही.

पुढचं मला गावातून कळत गेलं. महिनाभर भांडण चाललं. शेवटी थोरल्यानं कंटाळून आपला रुपया देव्हाऱ्यातून काढला, धाकट्याच्या दारात गेला आणि त्याच्या हातात ठेवला. म्हणाला, "घे. ह्यो माझा. तुला पायजे न्हवं? घे, पर आता ओरडू नगो." भांडण मिटावं म्हणून त्यानं आपलं होतं ते दिलं. धाकट्यानं तो मोबाइलच्या कव्हरला लावला. चिकटला नाही. गाव तिथे गोळा झालं होतं. गावानं जे समजायचं ते समजलं. चोरीचा माल परत आला.

थोरल्याकडे बारा-तेरा वर्षं ग्रामदेवीच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली होती. नथ, बोरमाळ, चांदीची पावलं. यात्रेला पेटी उघडायची ती त्यानंच. त्या वर्षी यात्रेच्या आधी चार माणसं त्याच्या घरी आली आणि म्हणाली, आता तुमचं वय झालं, किल्ली दुसऱ्या कुणाकडं देऊ. तो म्हणाला, "वय तुमचं बी झालंय की." मग आत जाऊन किल्ली आणून दिली. पुढं यात्रेत तो देवळात गेला नाही. घरासमोरच्या कट्ट्यावर बसायचा.

गुळाच्या वड्या त्याच्या घरून येत राहिल्या. त्यांच्यावर काही उमटवलेलं नसायचं. मधोमध तळव्यानं दाबल्याचा खड्डा तेवढा असायचा. धाकट्याकडून वडी यायची बंद झाली. मला एवढी वर्षं सगळे विचारत असतील, मिस्त्री कोणाच्या बाजूनं? मी कुणाच्याच बाजूनं नव्हतो. चार वर्षं मी रोज उद्या जाऊन सांगतो म्हणत होतो. मुरगूडची एसटी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर सुटते.

गेल्या वर्षी थोरल्याला कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी रोज दुपारी जायचो. तो बोलायचा, पण सगळं इकडचं तिकडचं. कारखान्याला ऊस घालण्यापेक्षा गुऱ्हाळ कसं बरं, दवाखान्यातली आमटी कशी पाणचट, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कसा घोरतो. एका दुपारी त्याची बायको औषधं आणायला खाली गेली होती. मी खाटेजवळ सरकलो आणि म्हणालो, "त्या रुपयाचं मला..."

त्यानं मान वळवली. "तुला आठवत न्हाय न्हवं?"

मी त्याची चादर सारखी केली.

"मग आठवत नसल्यालं कशाला सांगतोस?" तो म्हणाला आणि हसला. हसता हसता त्याला ढास लागली. मी पाणी दिलं. ते त्यानं माझ्या हातून घेतलं. आठवड्यानं तो गेला.

मातीला धाकटा आला, पण खांदा द्यायला पुढे झाला नाही. लांब चिंचेखाली उभा राहिला. मी त्याच्यापासून वीस पावलांवर होतो. तेव्हाही बोललो नाही.

दीड महिन्यानं गेलो. सकाळीच गेलो, म्हणजे परतायला कारण मिळू नये. धाकटा गोठ्यात वैरण टाकत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काकी आली ती दुपार, डबा, निकेल, पत्रा, दोन टिंबं. तो वैरण टाकत राहिला. सांगून झाल्यावर म्हणाला, "थोरला मेल्यावर आठवलं व्हय तुला?"

मी म्हणालो, "कधी विसरलोच नव्हतो."

तो आत गेला. दोन्ही रुपये आणि मोबाइल घेऊन आला. एक लावला, चिकटला. दुसरा लावला, गळून शेणात पडला. त्यानं तो उचलून धोतरानं पुसला आणि उलटा करून त्याची पाठ डोळ्यांजवळ धरली. टिंबं बघायला त्याला फार वेळ लागला. त्याचेही डोळे आता माझ्यासारखेच.

"म्हंजी ह्यो त्येचाच," तो म्हणाला. "त्येनं सोताचा दिलता मला. मी म्हणलो, चोरल्याला रुपया परत केला." मग गव्हाणीच्या कडेला बसला. "मी खांदा न्हाय दिला, मिस्त्री."

मी खाली सांडलेली वैरण गोळा करून गव्हाणीत टाकली.

मग तो एकदम उठला आणि म्हणाला, "चल, वहिनीकडं." मधल्या भिंतीला वळसा घालून आम्ही गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. धाकट्यानं खरा रुपया तिच्यापुढे सुपाशेजारी ठेवला आणि सांगायला लागला. त्याला ते नीट सांगता येईना, म्हणून उरलेलं मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. रुपयालाही हात लावला नाही.

"त्येंनी कुणाच्या हातात दिलता?"

"माझ्या," धाकटा म्हणाला.

"मग परत त्येंच्याच हातात द्याय पायजे. हाय का हात?"

धाकटा रडायला लागला. ती त्याला रडू नको म्हणाली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी आलासा, बरं केलासा. पर मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं. माझा माणूस हाय त्यो. गावाला ठावं न्हाय. किल्ली आणून देशीला व्हय मला?"

धाकटा म्हणाला, "मी सांगतो गावात. देवळात उभा ऱ्हाऊन सांगतो."

"तू सांगशील तर म्हणतील, भाऊ मेला आनी आता माया फुटली. तुमी लिवून द्या मिस्त्री. माझी नात वाचंल. ज्येला ऐकायचं त्यो ऐकंल."

निघताना धाकट्यानं दोन्ही रुपये माझ्या हातात कोंबले. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "तूच केलंस. तूच ठेव. माझ्या देवात आता काय ठेवू?" मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली होती.

तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत, त्याच जुन्या डब्यात. हवेनं दोन्ही काळे पडलेत, एकसारखे. परवा मुलगा म्हणाला, "अब्बा, उजळून देऊ का?" मी नको म्हणालो.

यंदाची गुऱ्हाळं लागलीत. धाकट्यानं या वर्षी लावलं नाही. थोरल्याच्या घरून काल एका ओळखीच्या माणसाबरोबर वडी आली, कागदात गुंडाळलेली. तिच्यावर काही उमटवलेलं नाही आणि यंदा तळव्याचा खड्डाही नाही. नुसती सपाट वडी. वडी आणणाऱ्यानं निरोप दिला, "वैनी इचारत हुत्या, लिवून झालं का?"

मी म्हणालो, झालं म्हणून सांगा.